नानांच्या मापाच्या काठ्या

खून, दरोडे, दंगली, सगळं पाहून मी निवृत्त झालो. पण गोल्फच्या काठ्यांची ती चोरी आठवली की आजही खुर्चीत सरसावून बसतो. घरचे म्हणतात, आता पुन्हा ती काठ्यांची गोष्ट नको. त्यांना काय सांगू, त्या दिवशी ठाण्याच्या आवारात जी मजा आली ती उभ्या नोकरीत पुन्हा आली नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. नाशिक शहराच्या कडेला एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीत गोल्फचं एक मैदान होतं. पाहुण्यांच्या बंदोबस्ताखेरीज मी कधी आत पाऊल टाकलं नव्हतं. एवढासा चेंडू मारायचा आणि मग त्याच्या मागे मैलभर चालायचं, यात शहाणपण काय, असं माझं स्वच्छ मत होतं.

एका सकाळी निफाडकडचे एक द्राक्ष बागाईतदार फिर्याद द्यायला आले. सगळे त्यांना नाना म्हणत. उंची सहा फुटांच्या बरीच वर, दारातून वाकून आत आले. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, नुसतं चालायचा कंटाळा, म्हणून पन्नाशीत गोल्फ धरलेला. आधी सगळे हसले, मग आदल्या वर्षी त्यांनीच मैदानावरची स्पर्धा मारली. आता त्यांच्या काठ्यांची पिशवी मैदानावरच्या खोलीतून गेली होती.

मी रिवाजाप्रमाणे ओळखीची खूण विचारली.

"खूण कसली, साहेब? त्या माझ्या मापाच्या हायेत. दुसऱ्याचा सदरा अंगात घातला तर कळतं का नाय? तसंच हाये हे."

आणि चहा निवेपर्यंत त्यांनी ते माप सांगितलं. मुंबईच्या कारागिराने त्यांचं मनगट जमिनीपासून किती उंच ते मोजलं. बोटं लांब म्हणून मुठीला जाड रबर चढवलं. मग काठीच्या लोखंडी डोक्याला तळाशी चिकटपट्टी लावून लाकडी फळीवर फटके मारायला लावले. पट्टी कुठे घासते ते पाहून काठीची मान वाकवायची, ती बरोबर मधोमध घासेपर्यंत. आमच्या हवालदारांनी दोनदा जांभई दिली. मीही अर्ध्या कानानेच ऐकलं.

मैदानाच्या कमिटीने संशयित तयारच ठेवला होता. खोलीची किल्ली ज्याच्याकडे असायची तो कॅडी, म्हणजे खेळणाऱ्याची पिशवी वाहणारा. पेठकडचा चाळिशीतला अबोल गडी. कमिटीने त्याचा पास काढून घेतला. त्याची बायको शेजारच्या बंगल्यांत धुणीभांडी करायची, तिलाही चोराची बायको म्हणून दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं. एका दिवसात दोघांचं काम गेलं. गुन्हा त्याच्यावर शाबीत झाला असता तर नाशकात त्याला कुणी दारात उभं केलं नसतं.

मी त्याला समोर बसवून कसून विचारलं. तो एकच बोलत राहिला.

"मी नाय नेल्या, साहेब. मी नेऊन करू काय त्याचं?"

खोटं बोलणारा दर खेपेला गोष्टीत थोडी भर घालतो, हा माझा अनुभव. या माणसाने एका शब्दाचीही भर घातली नाही. खुद्द नानाही म्हणत होते की हा माणूस तसा नाही. पण नुसत्या वाटण्यावर कमिटी ऐकणार नव्हती आणि वरिष्ठही नाहीत. त्याला रोज हजेरीला बोलावणं मला भाग होतं.

मग खबर आली. देवळाली कॅम्पात आमचा एक जुना खबऱ्या होता, सायकल दुरुस्तीवाला. लष्करी अधिकाऱ्यांच्या काठ्यांची झिजलेली रबरं बदलून द्यायचा. तो म्हणाला, मोटारीतून एक साहेब आले होते. काठ्यांची जाड, जवळजवळ नवी रबरं कापून टाकायला लावली आणि बारीक बसवून घेतली.

"चांगली रबरं कोन कापतं, साहेब? मला तवाच डाउट आला. गाडीचा नंबर ध्यानात ठेवला."

मी खुर्चीतून उठलोच. गाडी निघाली औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखानदाराची. त्याच मैदानाचा सभासद, आणि आदल्या वर्षी अंतिम सामन्यात नानांकडून हरलेला! डिकीत काठ्या होत्या. नानांनी पाहताक्षणी ओळखल्या. पण त्यांवर नाव नव्हतं, रबरं नवी, पिशवी दुसरी. एकाचा शब्द दुसऱ्याच्या शब्दाविरुद्ध.

कारखानदार बुटका, गुटगुटीत, बोलायला गोड. ठाण्यात येण्याआधीच त्याच्यासाठी वरून फोन येऊन गेला होता. प्रतिष्ठित माणूस आहे, जपून. मी जपूनच विचारलं, काठ्या कुठून आणल्या? जुन्या बाजारातून घेतल्या, एवढंच तो म्हणाला असता तर माझे हात बांधले गेले असते. पण मोठेपणा आड आला. म्हणाला, परदेशातून खास बनवून घेतल्यात. मी विचारलं, म्हणजे तुमच्या मापाच्या? तर त्याने भर घातली, "अर्थात. माझी उंची, माझा हात, सगळं मोजून."

त्या क्षणी नानांची ती फळी मला आठवली. अंगावर सर्रकन काटा आला. मी नम्रपणे म्हणालो, "मग साहेब, जरा बाहेर येता का?"

मुद्देमालाच्या खोलीत सुतारकाम चालू होतं, तिथून एक फळी आणली. गुन्ह्यांच्या फळ्यावरचा खडू घेतला. पंच म्हणून समोरचा चहावाला आणि पासपोर्टच्या चौकशीला आलेले एक शिक्षक उभे केले. बघता बघता सगळं ठाणं आवारात जमलं. ठाणे अंमलदार डायरी सोडून दारात आले आणि कोठडीतले दोघे गजांना चिकटले. कॅडी हजेरीला आलेला होता. तो भिंतीशी उभा राहिला.

काठीच्या तळाला पांढराफेक खडू फासला आणि कारखानदाराला फटका मारायला सांगितलं. त्याने मारला. काठी उलटी केली तर खडू फक्त मानेच्या बाजूला, टाचेशी पुसलेला. पुढचं टोक फळीला शिवलंच नव्हतं; उंच माणसाच्या मापाची काठी बुटक्याच्या हातात अशीच वर उचलली जाते. तो म्हणाला, फळी वाकडी आहे. फळी फिरवली. पुन्हा टाच. दुसरी काठी दिली. पुन्हा टाच! कपाळावरचा घाम पुसायलाही त्याला सुचेना.

मग नाना. चपला काढल्या, पाय रोवले आणि झोकात काठी फिरवली. हवालदारांनी काठी उलटी केली. खडू बरोबर मधोमध, रुपयाएवढा पुसलेला. फिर्यादीच्या दिवशी जांभया देणारे आमचे हवालदार शिस्त विसरून ओरडले, "बरोब्बर!" चहावाल्याने टाळी वाजवली. माझं काळीज असं उडत होतं की आवाज चढू नये म्हणून मी तोंड मिटून घेतलं.

खडूचा पुरावा कोर्टात किती टिकला असता, देव जाणे. पण कारखानदार त्या काठीकडे बघतच राहिला. आत येऊन बसला आणि सगळं कबूल केलं. कॅडी पाणी प्यायला गेला तेवढ्यात पिशवी उचलली होती.

मी विचारलं, "ऐपत असताना चोरी का केली?"

"मागच्या वर्षी तो या काठ्यांमुळेच जिंकला. नाहीतर त्याला काय येतं?"

"मग तुम्हाला लाभल्या का?"

तो खाली बघत म्हणाला, "नाही. सगळे चेंडू डावीकडेच जायचे."

मूळ पिशवी त्याने कारखान्याच्या गोदामातून काढून दिली. सायकलवाल्याकडची कापलेली रबरंही जप्त केली. पंचनामा झाला, दोषारोपपत्र गेलं. काठ्या कोर्टाकडून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे लागतील तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, नानांना मिळाल्या, तेव्हा त्या वर्षीची स्पर्धा तोंडावर आली होती.

कमिटीने नानांकडे निरोप धाडला, कॅडीने मागच्या फाटकाने कामावर यावं. नाना भडकले. "चोर म्हनून पुढच्या फाटकातून काढला ना? मग पुढूनच येईल. माझी पिशवी घेऊन, माझ्या पुढं."

स्पर्धेच्या दिवशी मी साध्या वेषात गेलो. सभासद दोन्ही बाजूंना उभे होते. कॅडी पिशवी खांद्यावर घेऊन पुढच्या फाटकातून ताठ चालत आला, मागून नाना. तारेपलीकडे त्याची बायको उभी होती. बंगलेवाल्या बाईंनी तिला पुन्हा कामाला बोलावणं धाडलं होतं. तिने जायचं नाकारून दुसरीकडे काम धरलं होतं. मला भरून आलं, लपवून काय करू?

आणि नाना हरले! चांगले सपाटून हरले. मैदानाबाहेर येताना मोठ्याने हसत म्हणाले, "काठ्या त्याच, मानूस तोच, तरी आपटलो. साहेब, त्या कारखानदाराला एवढं कळवा."

पुढे कितीतरी चौकशांत समोरचा खरं बोलतोय की खोटं, असा प्रश्न पडला. त्याला घाई न करता बोलू द्यावं आणि त्याच्याच शब्दांवर त्याला उभं करावं, हे मी त्या आवारात शिकलो. खरं बोलणाऱ्याला उभं राहायची जागा बदलावी लागत नाही. कॅडी पहिल्या दिवशी जे बोलला तेच शेवटच्या दिवशीही बोलत होता.

स्पर्धेच्या त्या दिवशी मैदानावर तो माझ्याजवळ येऊन थांबला. मला वाटलं, आभार मानेल. त्याने फक्त खांद्यावरची पिशवी नीट केली आणि म्हणाला, "साहेब, आता हजेरीला नाय येत."

मी म्हटलं, "नको येऊस."

तो वळला आणि पुन्हा पुढच्याच फाटकाने बाहेर गेला.