कानाला न टोचणारा हेडफोन

नव्या रेक्झिनचा वास आला की मला आमची बालाघाटची ओसरी आठवते. बाबांना रेडिओवरची गाणी एकट्यानं ऐकायची होती, म्हणून जबलपूरहून आलेल्या दोन हेडफोनांतला रेक्झिनच्या मऊ गाद्यांचा, कानाला न टोचणारा, गोड आवाजाचा मीच निवडून दिला. संध्याकाळी शेजारच्या काकू तांदूळ पाखडत गाणी ऐकायला नेहमीसारख्या आमच्या पायरीवर बसल्या. रेडिओचा दिवा लागलेला, पण आवाज नाही. "बिघडला का जी रेडिओ?" "हौ, बिघडला," आई म्हणाली. सगळं सगळ्यांचं असावं अशी पत्रकं दिवसभर वाटून आलेला मी गप्प. काकूंनी आत पाहिलं. "मंग बाबूजी काहून डोलून राह्यले?" आणि सूप उचलून त्या गेल्या. आज चौकात मी सरकारला खडे सवाल करतो. काकू गर्दीत दिसल्या की माझा आवाज बसतो.