विष्णूच्या डागांत माझे खवले

उतारा, करणी, नजर… असल्या गोष्टींना मी आयुष्यभर हसत आलो. शहापूरला कचेरीत नोकरी केली, तिथेच घर केलं. पण गावाकडचे लोक अजून मला माझी कातडी बरी करणाऱ्या औषधाचं नाव विचारतात, म्हणून हे लिहितोय. तसं औषध कधी नव्हतं.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, वैशाखऱ्याच्या जवळ. तिथली शेती धाकटा भाऊ विष्णू बघतो. त्याला तरुणपणापासून कोड. मला सोरायसिस – हातांवर, कोपरांवर खवले. लोक टाळायचे मात्र मलाच. पुतणीच्या हळदीला मी भाताचं पातेलं उचललं, तर मागून कुणीतरी म्हणालं, "दादा, तुमी बसा. विष्णू वाढंल."

विष्णू पांढऱ्याफटक हातांनी वाढत सुटला. "घ्या, गोऱ्या साहेबाच्या हातचा भात!" सगळी पंगत हसली. मी ताट तसंच ठेवून उठलो.

त्याच आठवड्यात, गावी असतानाच, बायकोने माझ्यावरून उतारा काढला. पानावर भात, अंडं, हळद-कुंकू. "गावाभायेर तिठ्यावर ठेवा. मागं बघू नका."

उताऱ्यावर ज्याचा पाय पडेल त्याला ते दुखणं लागतं, असं आमच्याकडे मानतात. मी मानत नव्हतो… मग तो विष्णूच्या खळ्याच्या वाटेवर का ठेवला? सकाळी डोक्यावर भाताचा भारा घेऊन तो आला. खालचं दिसत नव्हतं. पाय बरोब्बर त्यावर पडला. मी बांधावरून बघत होतो.

दर थंडीत भडकणारे माझे खवले त्या थंडीत गळून गेले. विष्णूला उठले – फक्त पांढऱ्या डागांच्या आत. कडेबाहेर एकही नाही.

मी त्याला शहापूरच्या डॉक्टरांकडे नेलं. "दोन्ही रोग एकाच माणसाला, आणि तेही असे डागाच्या आतच? फार क्वचित दिसतं. घरात कुणाला सोरायसिस?"

"दादाला होता की."

"मग रक्तातच असेल. तुमचा कसा गेला?"

"औषधाने," मी म्हणालो.

"कुठलं रे, दादा? मला पण दे ना."

नाव विसरलो म्हणालो. पुढे कित्येक वर्षं तो फोनवर विचारत राहिला, "आठवलं का रे नाव?"

मागच्या महिन्यात त्याच्या अंगणात बसून सगळं सांगितलं.  त्याने बायकोला हाक मारली, "ऐकलंस का गो? दादानं जन्मात पयल्यांदा कायतरी दिलं मला!" ती हसली नाही. तोच एकटा हसला. मग हळूच म्हणाला, "म्हंजे औषध नायच."

डॉक्टरांनाही मग खरं सांगितलं; ते योगायोग म्हणतात. असेलही. पण नेमके तेव्हाच माझे गेले कसे, हे तेही सांगू शकत नाहीत, मलाही आजवर कळलेलं नाही.

परवा गावात लग्न होतं. माझे हात आता लख्ख, विष्णूचे अजून खवल्यांनी भरलेले. मी पातेलं उचललं.

"दादा, तुमी बसा," कुणीतरी म्हणालं. "विष्णू येतोय."