मिठावाचून दिलेली हाक

अध्याय संपवून मी पोथी रुमालात गुंडाळत होतो, तेव्हा तात्यासाहेब पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "संस्कृत ऐकलंत ना यांचं? आता यांची मूळ भाषा ऐका. बुवा, मेंढरं बोलावतात ती आरोळी मारून दाखवा."

मुंबईचे पाहुणे हसले. एकाने तोंडाशी नेलेला विडा तबकात परत ठेवला, नीट ऐकता यावे म्हणून.

मी पाटावर. कपाळी गंध. खांद्यावर उपरणे. समोर देव.

स्वातंत्र्यापूर्वीची ती दोन-चार वर्षे. खालापुरापासून जवळच, पाताळगंगेच्या काठी असलेल्या एका गावात मी देवळात पुराण सांगत असे. जन्माने मी बोरघाटापलीकडच्या माळरानांवरचा. आमचे लोक स्वतःला गवताळे म्हणवीत. त्यांना गाव नव्हते, वेस नव्हती. मेंढ्या जिकडे, तिकडे त्यांचा संसार. भात कापले की ते घाट उतरून या काठी येत आणि रिकाम्या शेतांत कळप बसवीत. शेताला खत मिळे, कळपाला चारा. आठ वर्षांचा असताना मी तापाने फणफणलो. कळप थांबू शकत नव्हता. आईने मला देवळातल्या गुरुजींच्या स्वाधीन केले आणि ती घाट चढून गेली. गुरुजींनी मला जगवले, शिकवले, आपल्या पाटावर बसवले. ते गेल्यावर पुराणाचे काम आणि देवळामागची खोली गावच्या मालकांनी, म्हणजे तात्यासाहेबांनी, माझ्याकडे राहू दिली. राहू दिली, हे ते वारंवार ऐकवीत.

आई दर हिवाळ्यात येई. दीपमाळेपलीकडे जमिनीवर बसून माझे पुराण ऐके. मंडपाच्या पायरीला हात लावण्याची तिला मुभा नव्हती. मी तिच्याकडे पाहत नसे. न पाहणे हा त्या खोलीचा मोबदला होता.

त्या दिवशीही ती तिथेच बसली होती.

गवताळ्यांचा एक नियम फार कडक. कळपाला हाक द्यायची तर मुठीत मीठ हवे. प्रत्येक घराण्याची हाक वेगळी. ती ऐकून जनावर विश्वासाने धावत येते, आणि आलेल्याला रिकाम्या हाताने परतवणे हे पातक. खोटी हाक देणाऱ्याला पुन्हा कळपामागून चालता येत नाही. पुढे पूजाविधी शिकवताना गुरुजींनी सांगितले की, देवाचे आवाहन केल्यावर काहीही अर्पण न करता उठू नये. मला ते नवे वाटले नव्हते.

हे सारे ठाऊक असून मी हाक दिली. छपरासाठी दिली. इतक्या वर्षांत न उच्चारलेली आमच्या घराण्याची हाक, गळ्यातून अखंड निघाली.

टाळ्या पडल्या. आणि मग नदीकडून घंटांचा आवाज येऊ लागला.

सारा कळप निघाला होता. वाटेत तात्यासाहेबांचे वालाचे शेत, नुकते फुलोऱ्यावर आलेले. ते तुडवीत मेंढ्या देवळापर्यंत आल्या, पायऱ्यांशी थांबल्या आणि माना वर करून माझ्याकडे पाहू लागल्या.

मागोमाग माझा मामा धावत आला. तांड्याचा कारभारी तोच.

"मालक, आमी सोडली न्हाईत. हाक आली म्हनून गेली."

"कसली हाक? आम्ही पुराण ऐकत होतो," तात्यासाहेब म्हणाले. पाहुणे आता छताकडे पाहत होते. "बुवा, कागद घ्या. लिहा, भटक्यांनी कळप बुद्ध्या पिकात घातला. खाली साक्षीदार म्हणून तुमची सही. अक्षर सुंदर आहे तुमचं, त्याचा काही उपयोग होऊ द्या."

मी लेखणी घेतली. वर 'श्री' लिहिले.

तेव्हा आई दीपमाळेपाशी उभी राहिली. चारचौघांत ती माझ्याशी प्रथमच बोलली.

"लेकरा, हाक तू दिलीस. मीठ कुठं हाय?"

तिच्या आवाजात राग नव्हता. विधीत चुकलो की गुरुजी विचारीत, तसे विचारले तिने. मी माझ्या मुठीकडे पाहिले. मुठीत तात्यासाहेबांची लेखणी होती.

मी ती खाली ठेवली. म्हणालो, "हे मी लिहिणार नाही. हाक मी दिली. तुमच्या सांगण्यावरून दिली. आणि ही माझी आई आहे."

"मग उद्यापासून राहणार कुठे, बुवा?"

मी पाटावरून उठलो.

कागद त्यांच्या कारकुनाने लिहिला. सही दुसऱ्याने केली. कळप कोंडवाड्यात गेला आणि तांड्याला गाव सोडण्याचा हुकूम झाला. मी मामाला म्हणालो, "मला बरोबर न्या." त्याने मान हलवली.

"मी तुजा मामा हाय, तरी न्हाई. खोटी हाक देनारा कळपामागं चालत न्हाई. तुज्यासाठी नेम मोडला, तर उद्या कुनासाठी पाळू?"

आई जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिली.

पुराणाच्या शिध्यात मिळालेली मिठाची पुडी माझ्यापाशी होती. ती घेऊन मी कोंडवाड्यावर गेलो आणि कुंपणातून एकेकीपुढे हात धरला. मीठ थोड्याच मेंढ्यांना पुरले. बाकीच्यांनी माझा रिकामा तळवा चाटला.

त्या तळव्याची शपथ घेऊन मी ठरवले. ज्या मंडपाची पायरी माझ्या आईला बंद आहे, तिथे मी देवालाही हाक मारणार नाही. मग तो मंडप कोणाचाही असो, आणि मला झाडाखाली राहावे लागो. करमणुकीसाठी माझा गळा पुन्हा कोणाला मिळणार नाही. तात्यासाहेबांचा अन्याय तात्यासाहेबांचा. हाक मात्र माझी होती, आणि तिचे मीठ मला अजून द्यायचे आहे.