लाईट गेली, बरं झालं

मंडळी, पुण्यात म्हणे सिग्नलला हिरव्या नंबर प्लेटच्या, विजेवरच्या गाड्यांची रांग असते. आमच्या गोरेगावात, मुंबईच्या नव्हे, खेड्यातल्या, आज पहिली आली, माझ्या धाकट्या भावाची.

शेजारच्या सखूमावशी म्हणाल्या, "हिरवी पाटी? कृषी खात्याचे साहेब आले व्हय?"

भाऊ एरवी चहा पिऊन लगेच निघतो. आज गाडी चार्जिंगला लावली आणि लाईट गेली.

"दादा, लाईट कधी येईल?" त्यानं दहादा विचारलं.

"येऊन राहिली," मी दहादा सांगितलं आणि मनात म्हटलं, नको येऊ बाई.

शेवटी जेवायला थांबला. किती वर्षांनी घरात दोन ताटं लागली!

मग लाईट आली. गाडी चार्ज झाली, आवाज न करता गेली. सखूमावशींना अजून वाटतंय, तो इथंच आहे.

तुमच्याकडं लाईट किती वेळ जाते? आमच्याकडं आज कमीच वेळ गेली.