जजसाहेबांचा पाऊस

माझ्या साडूंसारखा माणूस अख्ख्या न्यू जर्सीत दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्या घरच्यांबद्दल मला आत्ताच सहानुभूती आहे. मूळचे नागपूरचे. पार्सिपनीतल्या एका विमा कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतात, पगार वेळेवर घेतात, कर वेळेवर भरतात. पण राहतात मात्र दोनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत. इथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या त्या काळच्या एका सरन्यायाधीशाने त्यांना झपाटलं आहे. या देशात आल्यावर लोक क्रिकेट सोडून बेसबॉल धरतात. यांनी हा जज धरला. त्याची तसबीर दिवाणखान्यात गणपतीशेजारी आहे. दिवाळीच्या फराळाला आलेल्या एका बाईंनी विचारलं, "हे तुमचे आजोबा का?" साडू शांतपणे म्हणाले, "एका अर्थी."

जजसाहेबांचे (आमच्या नात्यागोत्यात त्यांचं हेच नाव) निकाल साडूंना तोंडपाठ आहेत. मीही एकदा ते चाळून पाहिले. वाक्य सुरू झाल्यावर माणूस उठून आंघोळ करून आला तरी ते संपलेलं नसतं. साडूंनी त्यांचं मराठी भाषांतर करून इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात वाचलं, तेव्हा लोक एकेक करून चहाकडे सरकले आणि शेवटी माईकवाला तेवढा उरला, कारण माईक त्याचा होता. शेजारी एक खराखुरा अमेरिकन वकील राहतो. त्याला हे त्याच्याच देशाची घटना समजावून सांगतात. हल्ली तो कुत्रं फिरवायला मागच्या रस्त्यानं जातो.

नुसतं वाचून थांबले असते तरी चाललं असतं. पण साडू जजसाहेबांचं आयुष्यही जगून दाखवतात. जजसाहेब म्हणे गबाळे कपडे घालून स्वतः बाजारात जायचे, आणि एकदा कुणा अनोळखी माणसाचं सामान निमूटपणे त्याच्या घरी पोचवून आले. म्हणून साडू भोक पडलेला स्वेटर घालून इंडियन ग्रोसरीत जातात आणि लोकांच्या तांदळाच्या गोण्या उचलून गाडीत ठेवतात. एका काकूंनी त्यांना दुकानातला नोकर समजून पिठाची पिशवी फाटकी दिल्याबद्दल चांगलंच झापलं. साडूंनी आत जाऊन पिशवी बदलून आणून दिली. आयुष्यातला सर्वांत मोठा सन्मान म्हणून ते हाच प्रसंग सांगतात.

जजसाहेबांच्या दोन रिवाजांना मात्र त्यांच्या घरात कायद्याची किंमत आहे. पहिला एकमताचा. त्या काळी सगळे न्यायाधीश एकाच खानावळीत उतरायचे, एकाच टेबलावर जेवायचे आणि जेवता जेवता वाद मिटवून एकमुखी निकाल द्यायचे. म्हणून साडूंकडे सोफ्याच्या रंगापासून सगळं जेवणाच्या टेबलावर ठरतं, आणि एकमत झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. दुसरा रिवाज पावसाचा. ते न्यायाधीश वाइन घ्यायचे ती फक्त पाऊस असेल तर. बाहेर लख्ख ऊन असलं की जजसाहेब म्हणे आठवण करून द्यायचे, की आपलं अधिकारक्षेत्र एवढं मोठं आहे, कुठं ना कुठं पाऊस असणारच. साडूंकडे वाइनच्या जागी गोड आहे, कारण त्यांना मधुमेह आहे आणि डॉक्टरांनी गोड बंद केलं आहे. साडू फोनवर हवामान बघतात, सिअ‍ॅटलला रिमझिम सापडते आणि श्रीखंडाची वाटी पुढं ओढतात. ताई, म्हणजे माझी मेहुणी, कपाळावर हात मारून घेते.

गेल्या वर्षी त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं, ईशानं, जेवताना सांगितलं की तिला चँडलरला, पार ॲरिझोनात, चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आहे. ताईनं लगेच होकार दिला. साडूंनी सुनावणी तहकूब केली. मग पुन्हा तहकूब केली. कधी भात मऊ झाला म्हणून, कधी डोकं दुखतंय म्हणून. कंपनीला उत्तर द्यायची वेळ आली, तेव्हा ताईनं मला आणि माझ्या बायकोला जादा न्यायाधीश म्हणून जेवायला बोलावलं. आम्ही सगळे एका बाजूला आणि साडू एकटे. तिकडे ऊन फार, असं त्यांनी सांगून पाहिलं. इथल्या नोकऱ्या काय वाईट आहेत, हेही विचारून पाहिलं. ईशानं सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, रूल तुमचाच आहे ना," ती म्हणाली. "तुम्ही नो म्हणालात तर मी नाही जाणार. रिअली."

ती मनापासून बोलत होती, आणि तीच तर पंचाईत होती. नुसतं नाही म्हटलं असतं तरी पोरगी घरी राहिली असती. साडू बराच वेळ भात कालवत बसले. सगळ्यांचं मत उलटं पडलं की जजसाहेब आपला विरोध गिळून निकाल स्वतः लिहायचे, हे त्यांनीच आम्हाला कितीदा सांगितलं होतं. शेवटी ताटाकडे बघतच ते म्हणाले, "एकमतानं. जाऊ दे तिला." त्यांच्या तोंडून मी ऐकलेला हा सर्वांत आखूड निकाल.

आता त्या टेबलावर दोघंच असतात. दोघांचं एकमत पटकन होतं आणि ताटं लवकर उचलली जातात. मध्यंतरी आम्ही गेलो, तेव्हा बाहेर धो धो पाऊस पडत होता. ताईनं आपणहून श्रीखंडाची वाटी पुढं ठेवली. साडूंनी फोन पाहिला आणि वाटी बाजूला सारली. फोनवर फक्त चँडलरचं हवामान होतं, कोरडं ठणठणीत. ईशा गेल्यापासून असंच चाललंय, साखर एकदम आटोक्यात आहे, डॉक्टर खूश आहेत, असं ताईनं सांगितलं.

"अहो, इथं पडतोय की," मी म्हणालो.

"अधिकारक्षेत्र कमी केलंय," साडू म्हणाले.

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. या माणसाची मी आयुष्यभर टिंगल केली, आणि त्या क्षणी तो मला फार जवळचा वाटला.

गेल्या रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. चँडलरला पाऊस आलाय, लगेच ये, एवढंच बोलून त्यांनी ठेवून दिला. मी गेलो, तर टेबलावर ईशाच्या खुर्चीसमोर फोन उभा केलेला. तिकडे तिनं तिचा फोन खिडकीबाहेर धरला होता, आणि इकडे त्या पावसाच्या आवाजाशेजारी साडू श्रीखंड खात बसले होते. वाटी एकच होती, पण तिथला पाऊस थांबेपर्यंत त्यांनी ती पुरवली.