आमच्या फॅमिली प्लॅनचा डेटा कोण संपवायलं होतं?

मंडळी, तीन महिने बिलात जादा डेटाचे पैसे लागून यायले आणि मी रोज पोरांवर ओरडायले.

आज वैतागून नांदेडला प्लॅन बदलायला गेले. दुकानातली मुलगी म्हणाली, "मॅडम, सगळा डेटा तुमच्या आईच्या नंबरवर जातोय."

लगेच हदगावला आईला फोन लावला.

"हाव, रोज संध्याकाळी विहारात बायायला हॉटस्पॉट देते. त्यायच्या लेकी लांब दिल्या हायत, व्हिडिओवर तोंड तरी दिसतं. बंद करू का?"

"न्हाई गं, चालू ठेव," म्हणलं आणि अनलिमिटेड प्लॅन घेतला. डोक्याचा ताप गेला!

घरी येऊन पोरांची माफी मागितली. धाकटी म्हणाली, "आजीला हॉटस्पॉट आम्हीच शिकवला."

पोरांनी तीन महिने बोलणी खाल्ली, पण आजीचं नाव घेतलं नाही. तुमच्याकडं कोण कोणाला असं पाठीशी घालतं?