बर्फातल्या म्हातारीचं सूप

चहा येतोय तोवर सांगून टाकतो, कारण एकदा का तुम्ही बिस्किटांची बशी पुढे केलीत की मला काय उत्तर द्यावं ते सुचणार नाही. हसू नका. हल्ली खरंच सुचत नाही. एका म्हातारीने मला सूप विचारलं, मी 'नको' म्हटलं, आणि तिथून माझी जी गाडी घसरली ती अजून रुळावर आलेली नाही. म्हातारी खरी असती तर जाऊन पाया पडून आलो असतो. पण ती राहते मोबाईलमध्ये, एका जुन्या जपानी गेममध्ये.

तर ऐका. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या उज्जैनचे, हे तुम्हाला माहीतच आहे. घर नानाखेड्याला, चष्म्याचं दुकान देवास गेटजवळ. धाकटी बहीण मंजू लग्न होऊन नागपूरला गेली. आम्ही लहान असताना एका सुट्टीत इंदूरचा आमचा मामेभाऊ विनू टीव्हीला जोडायचा एक गेम घेऊन आला होता. त्यात हिरो, तलवार, राक्षस हे सगळं होतंच, पण आम्हा भावंडांचा जीव जडला तो मिमीवर. मिमी म्हणजे हातात कंदील घेऊन हिरोसोबत चालणारी एवढीशी पोर. लढाईत तिचा काडीचा उपयोग नाही. आणि शेवटी बर्फाच्या मनोऱ्यावर ती थंडीने गारठून मरते.

मंजू त्या दिवशी जेवली नाही. आईने किती विनवलं, तरी ही उशीत तोंड खुपसून रडत होती. तेव्हा विनू म्हणाला, "अगं, मिमी वाचू शकते. पण रस्त्यात कुठे काही सुटलं नाही पाहिजे." एवढं बोलून पठ्ठ्याने गेम पिशवीत घातला आणि इंदूरला निघून गेला. आम्ही राहिलो बघत.

यंदा तोच गेम मोबाईलवर आला. मी मंजूला कळवलं, तर तिचा लगेच फोन.

"दादा, भाऊबीजेला मी येतेय. साडी नको, पाकीट नको. मिमीला वाचवून दाखव. तीच माझी ओवाळणी."

"एवढंच ना? नेटवर सगळं लिहिलेलं असतं."

"नेटवर बघून वाचवलीस तर मी धरणार नाही. तुझं तू खेळायचं."

आता धाकट्या बहिणीने इतक्या वर्षांनी काही मागितलं, आणि तेही असं. मी 'हो' म्हणालो. तुम्हीही म्हणाला असतात.

या जपानी खेळांची एक गंमत असते. गोष्ट सरळ रस्त्याने पुढे जाते, पण खरा माल आडवाटेला दडवून ठेवलेला असतो. गावात शिरलं की दिसेल त्या माणसाशी बोलायचं, प्रत्येक रांजणात डोकावायचं, लोकांची कपाटं उघडायची. कोणी काही म्हणत नाही. पण एखादा कोपरा राहिला तर गेमही काही म्हणत नाही. तो गुपचूप पुढे जाऊ देतो आणि शेवटी इंगा दाखवतो.

मला वाटलं, हे तर आपलंच काम. मी चौऱ्याऐंशी महादेवांच्या गावचा माणूस. गाडीत बसलेले यात्रेकरू एक देऊळ राहिलं म्हणून परत उतरताना मी लहानपणापासून पाहिलेत. आपण काय सोडतोय?

दुपारी दुकानात चिटपाखरू नसतं. काउंटरमागे बसून मी खेळायला लागलो. काय तो नेम, काय ती निष्ठा. कोळ्यांच्या गावात शिंपले वेचले, राजवाड्यातल्या आचाऱ्याची हरवलेली मांजर शोधली, एका मुक्या शिपायाशी पुन्हा पुन्हा बोललो. बायको म्हणायची, "अहो, आपल्या सोसायटीत कोण कोण राहतं ते तरी माहितीये का तुम्हाला?" मी लक्ष दिलं नाही.

आणि एके दिवशी शेवटचा मनोरा आला. बर्फाचं वादळ. मिमी कंदील धरून पुढे. मी निर्धास्त होतो, कारण काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. आणि मिमी मटकन खाली बसली. कंदील विझला.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. नेमकं तेव्हाच एक गिऱ्हाईक आत आलं. माझ्याकडे बघून म्हणालं, "भाईसाहब, पहले आप अपना नंबर चेक करा लो।" आणि दुसऱ्या दुकानात गेलं.

संध्याकाळी मंजूला फोन केला. ती म्हणाली, "थांब, विनूला घेते." नेटवर बघायचं नाही हा नियम होता, विनूला विचारायचं नाही असं काही ठरलं नव्हतं. विनू लाइनवर आला.

"बर्फाच्या गावातली म्हातारी भेटली?" त्याने विचारलं.

"भेटली की. चुलीपाशी बसलेली. फार सज्जन बाई."

"तिने सूप विचारलं?"

"विचारलं."

"मग तू काय म्हणालास?"

"नको म्हणालो."

"का?"

का म्हणजे काय? तुम्हीच सांगा. कोणाच्या घरी गेल्यावर पहिल्यांदा विचारलं की लगेच कोणी हो म्हणतं का? आमच्या आईची शिकवण पक्की होती. पहिल्यांदा 'नको'. दुसऱ्यांदा 'नको, खरंच नको'. मग यजमानांनी अगदीच धरलं तर 'बरं, थोडंसं द्या'. त्यात आम्ही राहतो माळव्यात. इथली मनुहार, इथला आग्रह तुम्हाला ठाऊक आहे. ताटावर हात आडवा धरला तर बोटांमधून तूप सोडतात. इथे नको म्हणण्याचा अर्थ 'वाढा' असाच असतो.

"मी एकदाच नको म्हणालो," मी विनूला सांगितलं. "मला वाटलं, आग्रह करेल."

"मग?"

"केलाच नाही. 'ठीक आहे' म्हणाली आणि चुलीकडे वळली. मी पुन्हा तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, आता विचारेल. तर म्हणते, 'रात्री थंडी फार पडते.' मी पुन्हा गेलो. 'रात्री थंडी फार पडते.' मला वाटलं, बाई मानी दिसते. राग आला असेल."

पलीकडून बराच वेळ नुसता हसण्याचा आवाज येत होता. विनूही हसत होता आणि मंजूही. मग विनूने सांगितलं की सूप प्यायलं की म्हातारी आपल्या लेकीसाठी विणलेला लोकरीचा मफलर देते. तो मफलर असला तरच मिमी मनोऱ्यावर टिकते. मी परत त्या गावात जायला निघालो तर गाव राहिलंच नव्हतं. पुढच्याच प्रसंगात त्यावर बर्फाचा कडा कोसळतो. म्हणजे गेम पुन्हा पहिल्यापासून, आणि दिवाळीच्या फराळाची भाजणी तर घरात दळून आलेली.

मी मनाशी ठरवलं. आता लाजायचं नाही. कोणी काहीही विचारो, पहिल्या फटक्यात 'हो'. या जपानी गेममधले लोक मनातलं बोलतात, आपणही तसंच वागायचं.

झपाटा लावला. कोळी म्हणाला जाळं ओढशील का, हो. आचारी म्हणाला मांजर शोधशील का, हो. म्हातारीने तोंड उघडायच्या आत माझा अंगठा 'हो' वर. सूप प्यायलो, मफलर मिळाला, मिमीच्या गळ्यात घातला. तो लाल मफलर घालून ती कंदील हलवत चालायला लागली, आणि मला इतका आनंद झाला की त्या दिवशी एका म्हाताऱ्या आजोबांना मी फ्रेम फुकट घट्ट करून दिली.

पण सवय वाईट. अंगठ्याची सवय जिभेला लागली.

आमच्या शेजारी चौरसियाजी राहतात. एकदा सकाळी मी दुकानात निघालो तर ते दाराला कुलूप लावत होते. भाभीजी ठेवणीतली साडी नेसून उभ्या, पायाशी दोन बॅगा. माणूस डोळ्यांनी बघतो ना? मी बघितलं नाही. चौरसियाजी आपल्या रीतीप्रमाणे म्हणाले, "आइए भाईसाहब, भोजन करके जाइए।"

यावर काय म्हणायचं असतं? 'बस, अभी खाकर ही निकला हूँ' म्हणायचं असतं. शेंबड्या पोरालाही कळतं.

मी म्हणालो, "हाँ, चलिए।"

चौरसियाजींचा हात कुलपावरच राहिला. क्षणभर त्यांनी भाभीजींकडे पाहिलं. मग माळव्याचा माणूस तो, एक अक्षर न बोलता त्याने कुलूप काढलं. भाभीजींनी साडीवर नॅपकिन खोचला आणि गॅस पेटवला. मी पंख्याखाली बसून गरम पुऱ्या खाल्ल्या. दुसऱ्यांदा वाढू का विचारलं, तेव्हाही हो म्हणालो. त्यांची रतलामची बस गेली. भाच्याचा साखरपुडा होता, हे मला संध्याकाळी बायकोकडून कळलं.

"अहो, तुम्हाला झालंय काय?" ती कपाळाला हात लावून बसली. "लोक म्हणतात, म्हणायचं म्हणून. त्यांना कुठे आपण जेवायला हवे असतो?"

"मग त्यांनी विचारायचं नाही."

"आणि आता मी त्यांना तोंड कसं दाखवू?"

मला वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. फराळाचा पहिला डबा त्यांच्याकडे देऊन आलो आणि माफी मागितली. चौरसियाजी म्हणाले, "अरे, बैठिए, चाय पीजिए।" बायकोने मागून माझा शर्ट ओढला, म्हणून वाचलो.

भाऊबीजेला मंजू आली. बायकोने तिच्या आवडीचे दाल-बाफले केले होते. नागपूरला तसे मिळत नाहीत, म्हणून मंजू स्टेशनपासून त्यांचीच वाट बघत होती. पण ओवाळून झाल्यावर तबकात काही पडलं नाही तेव्हा म्हणाली, "आधी ओवाळणी. मग जेवण." मी मोबाईल टीव्हीला जोडला.

मनोरा आला. वादळ आलं. मंजूने माझा दंड घट्ट धरला होता. लहानपणी मिमी जिथे मटकन बसली होती ती पायरी आली, आणि मिमी ती पायरी चढून गेली. मंजूचे डोळे भरले होते. माझेही. मला वाटलं, झालं. इतक्या वर्षांचं काम झालं.

अगदी शेवटच्या दाराशी मिमी थांबली. हिरोकडे वळून म्हणाली, "तुला थंडी वाजतेय. हा मफलर घेतोस का?"

मंजूने श्वास आत घेतला. तिने तो सोडायच्या आत माझ्या अंगठ्याने 'हो' म्हटलं.

मिमीने मफलर काढून हिरोच्या गळ्यात घातला. हसली. दोन पावलं चालली. मटकन खाली बसली. कंदील विझला.

खोलीत बायकोच्या कढईतल्या तुपाचा तेवढा आवाज.

"दादा," मंजू हळूच म्हणाली, "तू तिच्या गळ्यातला मफलर घेतलास?"

"तिने विचारलं गं."

मंजूने विनूला फोन लावला. स्पीकरवर ठेवला. मी त्याच्यावर उखडलोच. म्हटलं, सूप सांगितलंस, मग हे का नाही सांगितलंस?

विनूला आधी कळेचना मी काय म्हणतोय. कळल्यावर म्हणाला, "अरे, तू घेतलास? एवढ्याशा पोरीच्या अंगावरचं कोणी घेतं का? हे सांगावं लागतं? नको म्हणायचं. ती पुन्हा विचारते, पुन्हा नको म्हणायचं. ती आणखी एकदा विचारते, आपली आत्या विचारायची ना, तशी. तेव्हाही नको म्हटलं की हसते आणि दार उघडतं."

आत्या म्हणजे आमची आई. सबंध गेममध्ये एकाच ठिकाणी आग्रह होता, आणि नेमका तिथे मी जपानी झालो होतो.

फोन ठेवल्यावर बायकोने ताटं घेतली. बाफल्यांचे कणकेचे गोळे तुपात भिजून तयार, डाळीची वाफ अख्ख्या घरात. मी मंजूला म्हणालो, "चल, जेवून घे."

मंजूने पदराने डोळे पुसले. लहानपणीसारखं तोंड फिरवून म्हणाली, "नको मला."

मी म्हणालो, "ठीक आहे." आणि तिचं ताट उचलून आत ठेवलं.

परत आलो तर ती तिथेच उभी. माझ्याकडे बघतेय. थोडी पुढे आली. पुन्हा बघितलं. बायको स्वयंपाकघराच्या दारातून डोळे वटारून काहीतरी खुणावत होती, पण मला काही केल्या कळेना. आता बहीण समोर येऊन उभी राहिली आहे म्हटल्यावर काहीतरी बोलायला तर हवं.

मी म्हणालो, "हल्ली रात्री थंडी फार पडते."